कपाचा कान उजवीकडे

मुलुंडमध्ये आजवर जेवढी दारं, नळ, कुलपं आणि कपबश्या होऊन गेल्या, त्यांतल्या एकाही वस्तूने आमच्या भावोजींचं पूर्ण समाधान केलेलं नाही, आणि यापुढे एखादी करील ही आशा मी तरी सोडून दिली आहे. ईशान आणि रेवा, तुम्ही ज्यांना ‘समोरचे आजोबा’ म्हणता तेच हे. तुमच्या आजोबांचे कारखान्यातले मित्र. आजोबा मशिनवर होते, हे ड्रॉइंग ऑफिसात. चाळीस वर्षं आमच्या समोरच्या दारात राहतात, म्हणून मी त्यांना भावोजी म्हणते आणि ते मला वहिनी. रक्ताचं नातं काही नाही. नातं असतं तर मी ते केव्हाच तोडलं असतं. शेजार तोडता येत नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगते, कारण ते स्वतः कधीच थोडक्यात सांगत नाहीत. प्रत्येक वस्तू आपल्या नुसत्या दिसण्याने हाताला काहीतरी सांगत असते. उभी दांडी सांगते, मला धर आणि ओढ. सपाट पत्रा सांगतो, ढकल. कडेला खाचा असलेलं बटण सांगतं, फिरव. डोकं मागाहून विचार करत बसतं, तोवर हात निघालेला असतो. “हात विचारत नाही, वहिनी. हात बघतो आणि जातो.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. यावरून त्यांनी सृष्टीतल्या सगळ्या वस्तूंचे दोन वर्ग पाडले आहेत, सरळ आणि लबाड. जी दिसते तशी वागते ती सरळ. पोळपाट-लाटणं सरळ. जुन्या दाराची कडी सरळ. आमचा बाथरूमचा नवा नळ मात्र महालबाड, कारण तो फिरवावा असा दिसतो आणि उचलावा लागतो. दुसऱ्याच्या घरी गेले की आधी माणसांची विचारपूस न करता ते वस्तूंची करतात. खिळ्यावरची कात्री मुठी बाहेर येतील अशी टांगतात, सुरीची मूठ वळवतात, आणि टेबलावरच्या प्रत्येक कपाचा कान बसणाऱ्याच्या उजव्या हाताकडे फिरवून ठेवतात. त्यांची पत्नी फार शांत बाई होती. तिने तीस वर्षं सगळे कान सांगितलेल्या दिशेला केले, आणि मग एके दिवशी कोणालाही त्रास न देता गेली.

माझं स्वयंपाकघर त्यांना पहिल्यापासून खुपायचं. मला नीटनेटकेपणाची सवय आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमची आई त्याला वेगळं नाव देते. माझे सगळे डबे एका उंचीचे, एका रांगेत, आणि प्रत्येकावर सुबक इंग्रजी अक्षरांत पाटी. भावोजी त्या रांगेसमोर हात मागे बांधून उभे राहायचे. “ही काय शाळेची कवायत आहे? आणि डब्याला नाव लिहावं लागतं म्हणजे डबा मुका. तो मुका आहे म्हणून तुम्ही ओरडताय.” एकदा मी चार दिवस माहेरी गेले होते. आजोबांकडे किल्ली होती आणि आजोबांना नाही म्हणता येत नसे. परत येऊन बघते तर प्रत्येक झाकणावर काहीतरी चिकटवलेलं. साखरेवर कोटाचं गुळगुळीत बटण, मिठावर खरखरीत चकती, तिखटावर पत्र्याचा टोकदार त्रिकोण. “बोट टोचलं की कळेल, तिखट आहे,” असा खुलासा समोरच्या दारातून आला. मी गरम पाणी आणि सुरी घेऊन दोन दिवस ते खरवडत होते. तिखटाचा त्रिकोण काही निघाला नाही. हा माणूस ज्या डिंकाने वस्तू चिकटवतो, त्याच डिंकाने स्वतःही शेजाऱ्यांना चिकटतो.

त्यांच्या या शास्त्राचा सगळ्यात मोठा पराभव, किंवा विजय, तुमच्या आईबाबांचं लग्न ठरताना झाला. तुमच्या आईला बघायला तुमचे बाबा आणि त्यांच्या घरचे चौघे आले होते. चहाचा ट्रे लावायचं काम भावोजींनी माझ्या हातातून काढून घेतलं. पाहुणे कोण कुठे बसलेत याचा पडद्याआडून अंदाज घेतला आणि पाचही कप असे मांडले की हात पुढे केला की कान बोटांतच यावा. ट्रे तुमच्या आईच्या हातात, आणि मागे हे, वरातीतल्या बँडमास्तरासारखे. चार कप अगदी अलगद उचलले गेले. पाचव्याशी तुमच्या बाबांनी डावा हात नेला, तो अडखळला, कप फिरवावा लागला आणि चहा बशीत सांडला.

“मुलगा डावखुरा आहे!” भावोजी म्हणाले. डॉक्टरला रोग सापडावा, तसा तो आवाज होता.

तुमच्या बाबांची आई गोरीमोरी झाली. “लहानपणी होता. आता नाही हो. आम्ही सोडवलं ते.”

“सोडवलंत? मग आता कप कोणी उचलला? शेजाऱ्याने?”

तुमचे आजोबा पंख्याकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं, आता पोहे आपणच खायचे. तेवढ्यात तुमच्या आईला हसू फुटलं, इतकं की ट्रे वाजायला लागला. भावोजी आत गेले, सहावा कप भरून आणला आणि कान डावीकडे करून तुमच्या बाबांपुढे ठेवला. “हा घ्या. पहिला माझा चुकला.” चाळीस वर्षांत मी ऐकलेली त्यांची ही एकुलती एक क्षमायाचना, आणि तीही एका कपाबद्दल. तुमचे बाबा सांगतात की त्यांचा होकार त्या हसण्याला होता. रेवा, तू डाव्या हाताने लिहितेस आणि तिकडे कॅनडात कोणी तुला टोकत नाही. इथे तुझ्या बाबांच्या डाव्या हाताला पहिला कप भावोजींनी दिला, एवढं लक्षात असू दे.

पाच वर्षांपूर्वी आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथे बावीस मजली टॉवर झाला. पुन्हा समोरासमोरचेच ब्लॉक आम्ही मागून घेतले. आजोबा तेव्हा होते, त्यांचा हट्ट. टॉवरच्या खाली काचेचं मोठं दार आहे आणि त्याला आतून-बाहेरून दोन्हीकडे पुरुषभर उंचीची चकचकीत उभी दांडी. बाहेरून येताना ते ढकलायचं असतं. जो येतो तो दांडी धरतो आणि ओढतो. सेक्रेटरींनी ‘ढकला’ अशी पाटी लावली, मग हिंदीत, मग इंग्रजीत, मग गुजरातीत. भावोजी रोज सकाळी पेपर घेऊन लॉबीतल्या सोफ्यावर बसायचे आणि काचेपलीकडच्या प्रत्येक माणसाला मोठ्याने म्हणायचे, “आणखी एक!” कुरियरवाले, डॉक्टर, नवरदेव, कोणी सुटलं नाही. एकदा चौथ्या मजल्यावर दिंडोशी कोर्टातले एक वकील आले होते. त्यांनी तीनदा ओढलं. “कायदा शिकलेला माणूस! चार भाषांत लिहिलंय, तरी ओढतोय! आता सांगा, चूक कोणाची?”

हा प्रश्न त्यांनी सोसायटीच्या सभेत मांडला. पाण्याचा विषय राहिला, पार्किंगचा राहिला, दीड तास दार चाललं.

“बाहेरची दांडी काढा, तिथे हाताएवढा सपाट पत्रा लावा. बस.”

“काका, ती दांडी इम्पोर्टेड आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “लुक जाईल ना!”

“लुकच तर खोटं बोलतोय.”

“अहो, पण पाटी आहे ना! लोकांनी वाचायला नको?”

भावोजी मालवणकडचे. पारा चढला की मुंबईची साठ वर्षं गळून पडतात. “अरे मेल्या, माणूस दारात पाटी वाचूक येता, काय घरात जावक?”

शेवटी दारासाठी तिघांची समिती नेमली गेली, म्हणजे विषय सन्मानाने पुरला गेला. वर जाताना लिफ्टमध्ये मी म्हटलं, “भावोजी, दारासाठी एवढे भांडलात. माणसांसाठी कधी भांडला असतात तर काही शोभलं असतं.” त्या संध्याकाळी आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. कारखान्यात पत्रा दाबायच्या एका प्रेसला दोन दांडे होते, एकाच आकाराचे, एकाच उंचीवर. एकाने यंत्र थांबायचं, दुसऱ्याने दाब खाली यायचा. कणकवलीकडच्या एका कामगाराचा हात घाईत भलत्या दांड्याकडे गेला आणि त्याच्या जोडीदाराची दोन बोटं गेली. अहवालात लिहिलं गेलं, ‘कामगाराचे दुर्लक्ष’. ते दांडे ड्रॉइंगमध्ये भावोजींनी काढले होते. दोन्ही सारखे असले की छान दिसतात, म्हणून. त्यांनी त्या अहवालाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘चूक हाताची नाही, ड्रॉइंगची आहे,’ आणि खाली सही केली. त्यानंतर त्यांना बढती कधी मिळाली नाही.

हे ऐकून मी त्यांची थट्टा बंद केली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही केली. दुःख असलं म्हणून माणूस कमी त्रासदायक होत नाही.

आता तुमच्यापासून लपवलेली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी चार महिने माझी पत्रं आली नाहीत, फोनवर नुसता माझा आवाज यायचा, आणि मी म्हणायचे की चष्मा बदलायचाय. चष्म्याला काही झालं नव्हतं. मला अर्धांगाचा हलका झटका आला होता. पाय आठवड्यात परत आला, बोलणं तर कधी गेलंच नव्हतं (भावोजींच्या मते हीच खरी शोकांतिका), पण उजवा हात मांडीवर पडून असायचा, कोणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. तुम्हाला सांगायचं नाही, अशी तुमच्या आईला मी शपथ घातली होती. मरणाची भीती मला वाटली नाही. तुमच्या पत्रांची पाकिटं मी एका रांगेत तारखेवार लावून ठेवली आहेत. त्यांना उत्तर जाणार नाही, याची वाटली. आजीचं अक्षर म्हणजे काय ते तुम्हाला यापुढे कोणी दाखवणार नाही, याची वाटली.

व्यायामाच्या बाईंनी एक पिवळा स्पंजचा चेंडू दिला. “दाबा आजी, दाबा!” मी सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा त्या चेंडूकडे बघत बसायचे. आमची सुमन, जी पंधरा वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला येते, ती जीव लावणारी. तिने मायेने घरातली प्रत्येक वस्तू माझ्या डाव्या बाजूला आणली. चमचा डावीकडे, पाण्याचा पेला डावीकडे, कपाचा कान डावीकडे. चार वाजता भावोजी चहाला आले, तर खून झालेल्या जागेकडे पोलीस बघतो तसे टेबलाकडे बघत राहिले.

“हे कोणी केलं?”

“मी केलं काका,” सुमन म्हणाली. “आजींना बरं पडतं.”

“बरं पडतं! रोज असं बरं पडलं तर उजवा हात राजीनामा देईल.” आणि त्यांनी माझ्या कपाचा कान फिरवून उजवीकडे केला.

मी डाव्या हाताने तो परत फिरवला. त्यांनी पुन्हा उजवीकडे केला. मी पुन्हा फिरवला. दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशी हेच. तीन आठवडे दोन म्हातारी माणसं रोज चार वाजता एका कपावरून अशी भांडत होती, आणि सुमन दोघांचाही चहा थंड झाला म्हणून पुन्हा गरम करत होती. चेंडू बघितला की ते चिडायचे. “चेंडू बघून हाताला काय वाटणार? तुम्ही आयुष्यात कधी चेंडू खेळलात का? कपाचा कान तुमचा हात सत्तर वर्षं ओळखतो. त्याला दिसू तरी द्या.”

एके दिवशी ते बसता बसता म्हणाले, “एका परीने बरं झालं, वहिनी. तुमची पत्रं म्हणजे शाळेची सूचनावही. स्वच्छ राहा, वेळेवर झोपा, मोठ्यांना फोन करा. पोरं सुटली बिचारी.”

माझ्या अंगाची लाही झाली. “तुम्हाला कोणी विचारलं? स्वतःच्या मुलाला बंगळूरला तुम्ही दहा वर्षांत एक ओळ लिहिली नाहीत! दारांना, नळांना नावं ठेवण्यात जन्म गेला. निदान माझी नातवंडं पत्र उघडून वाचतात तरी, आणि—” इथे दम घ्यायला मी चहाचा घोट घेतला आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं. तर सुमन किंचाळली. निम्मा चहा माझ्या साडीवर होता, उरलेला कपात, आणि कप माझ्या उजव्या हातात. थरथरत होता, पण होता. कानात दोन बोटं, वर अंगठा, जशी माझ्या आईने शिकवली तशी पकड.

भावोजींनी कपाकडे बघितलं. “बशी मोठी हवी,” म्हणाले आणि उठून गेले. सुमन मागून सांगत होती की काका लिफ्टसमोर बराच वेळ उभे होते, बटण न दाबता. त्यांचं घर तर समोर आहे. लिफ्ट कशाला हवी होती, ते त्यांनाच ठाऊक. ते मुद्दाम बोलले का, हे मी पुढे विचारून बघितलं. “मुद्दाम कशाला? मला खरंच तसं वाटतं,” असं उत्तर मिळालं.

रेवा, त्यानंतरच्या पहिल्या पत्राच्या उत्तरात तू लिहिलं होतंस, ‘आजी, तुझं अक्षर माझ्यासारखं का झालं?’ तर म्हणून झालं.

या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते आणि संपवते. दुपारी मी लॉबीत भाजीची पिशवी टेकवून उभी होते, सेक्रेटरी होते, पाचव्या मजल्यावरच्या दोघी होत्या. बाहेरून भावोजी आले. दांडी धरली आणि ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली.

“काका, तुम्हीसुद्धा?” सेक्रेटरी टाळी वाजवत ओरडले. “आणखी एक!”

सगळे हसलो. खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्याने मी हसले. “भावोजी, पाटी वाचा ना, चार भाषांत आहे!” मी दार आतून उघडून धरलं. ते हसले, आत आले, आणि मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “वहिनी, पाटी कुठे आहे?”

पाटी त्यांच्या नाकासमोर होती.

घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांना मधोमधचं दिसणं गेलं आहे. कडेचं थोडं दिसतं, तेही धूसर. चष्म्याने येणार नाही, गेलं ते परत येणार नाही. परतताना रिक्षात ते म्हणाले, “रोज आठवणीने ढकलायचो. त्या दिवशी दार दिसलंच नाही. कोपऱ्यातून नुसती दांडी चमकली आणि हात गेला.” मग म्हणाले, “बघा, माझं बरोबर होतं.” इतक्या वाईट वेळी स्वतःचं बरोबर ठरल्याचा आनंद फक्त याच माणसाला होऊ शकतो.

मग आठवडाभर ते चहाला आलेच नाहीत. मी समोर गेले तर ओट्यावर दोन फुटलेले कप आणि भावोजी खुर्चीत, हात मांडीवर. ते हात तसे पडलेले मी ओळखले. माझा एक तसाच पडला होता. “वस्तू काही सांगत नाहीत आता, वहिनी. सगळ्या मुक्या झाल्या.” मुलगा म्हणतो, बंगळूरला चला. तिथे त्याच्या घरी म्हणे सगळं गुळगुळीत आहे. काचेवर बोट फिरवलं की शेगडी, भिंतीवर बोट फिरवलं की दिवा. अशा घरात भावोजींनी हात कुठे न्यायचा?

मी पदर खोचला. ज्या कवायतीची त्यांनी चाळीस वर्षं टिंगल केली, ती मी त्यांच्या स्वयंपाकघरात नेली. एक वस्तू, एक जागा, आणि तिथून ती बोटभरही हलायची नाही. डब्यांवर पाट्या लावून उपयोग नव्हता, म्हणून बटणं लावली. साखरेला गुळगुळीत, मिठाला खरखरीत. माझा तिखटाचा डबा, तो न निघालेल्या त्रिकोणाचा, आता त्यांच्याकडे आहे. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “डिंक चांगला होता.” चार वाजता मी त्यांचा कप टेबलावर नेहमीच्या जागी ठेवते, कान उजवीकडे, आणि बशीवर चमच्याने दोनदा वाजवते. हात येतो. कधी एकदम कानाशी, कधी थोडा चुकून कपाच्या पोटाला लागून. मी टोकत नाही. तीन आठवडे ते माझ्या कपावरून मला टोकत होते, तेवढं पुरे.

दिवाळीत मुलगा त्यांना न्यायला येणार आहे. जायचं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. खालचं दार अजून तसंच आहे.

काल हे पत्र पुरं करण्याच्या घाईत मी माझा कप कसाही ठेवला होता. भावोजींचा हात बिस्किटाकडे जाताना वाटेत माझ्या कपाला लागला. तिथेच थांबला. अंगठ्याने चाचपून त्यांनी कान शोधला आणि सावकाश फिरवून माझ्या उजव्या हाताकडे केला. चहाचा एक थेंबही सांडला नाही.

“आळस नको,” म्हणाले. मग, “पोरांना एवढं काय लिहिताय?”

“तुमची निंदा.”

“मग ठीक आहे. अक्षर नीट आहे ना?”

मी म्हटलं, आहे. तुम्ही इथवर वाचत आला असाल, तर मी खोटं बोलले नाही.